अथेन्सचं गुरुत्वाकर्षण, मुक्काम पोस्ट पुणे

मार्च महिना, दुपारचे अडीच, आणि पंखे बंद. बंद अशासाठी की जर्नलात 'प्रिकॉशन्स' या मथळ्याखाली पहिल्याच नंबरावर तसं लिहिलेलं असतं. लंबकाला वारा लागू नये म्हणून. मुलांना घेरी आली तर ती 'सोर्सेस ऑफ एरर'मध्ये घालता येते.

मी एक्स्टर्नल परीक्षक. म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून रिक्षा करून आलेला, इडली-वडा आणि काजूकतली पोटात गेल्यामुळे तटस्थ झालेला इसम. समोर चोवीस जर्नलांचा ढीग. पहिलं उघडलं: 'जी'ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९८०.२. दुसरं: ९७९.८. तिसरं: ९८०.०६. म्हटलं, वा! चोवीस मुलं, सहा टेबलं, सहा दोरे, चार धड आणि दोन धाप लागलेली स्टॉपवॉचेस. आणि उत्तरं मात्र प्रभातफेरीला उभी केल्यासारखी एका रांगेत. सर्टिफिकेटवर सही, शिक्का, विभागप्रमुखांची सही. सगळं कायदेशीर.

एकच अडचण आहे. पुण्यात 'जी'ची किंमत ९८० नाहीच.

पृथ्वी ध्रुवांपाशी चेपलेली आहे, विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि वर गरगर फिरते आहे. त्यामुळे समुद्रसपाटीला विषुववृत्तावर 'जी' साधारण ९७८.० भरतो, ध्रुवावर ९८३.२ (एकक सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग; न लिहिल्यास अर्धा मार्क जातो, म्हणून लिहिलं). मुंबईत तो ९७८.६ च्या आसपास. पुणं साडेपाचशे मीटर उंच, म्हणून तिथे आणखी थोडा कमी, ९७८.४ च्या घरात. समुद्रकाठी अख्खा ९८० हवा असेल तर साधारण ३८ अंश उत्तर अक्षांश गाठावं लागतं. तिथे कोणतं शहर आहे? अथेन्स. आपला देश ३७ अंशांपाशी संपतो आणि तोही अशा उंच डोंगरांत, की तिथे किंमत पुन्हा खाली उतरते. म्हणजे ९८० या आकड्याला भारतात कुठेच घर नाही. तो फक्त जर्नलात राहतो. काही कडक शिस्तीची कॉलेजं ९८१ मागतात; त्यांनी मुलांना पॅरिसला धाडावं. १९०१ साली जगासाठी जो प्रमाण आकडा ठरला, ९८०.६६५, तोही ४५ अंश अक्षांशाला धरून. आमच्या सदाशिव पेठेत कुणी विचारायला आलं नव्हतं.

आता चाणाक्ष वाचक म्हणेल, अहो, एवढासा फरक दोरी-गोळ्याच्या प्रयोगात कळतो तरी का? नाही कळत! तिथेच तर गंमत आहे. मीटरभर दोरा, वीस आंदोलनं, चाळीस सेकंद. बटण दाबायला अंगठा दोन दशांश सेकंदांची हयगय सहज करतो. त्यातून 'जी'मध्ये एक टक्क्याची, म्हणजे दहाएक सेंटीमीटरची अनिश्चितता येते. प्रामाणिक पोराचं उत्तर ९७० येईल, प्रामाणिक पोरीचं ९८८ येईल, आणि दोघंही बरोबर असतील, जर शेजारी 'अधिक-उणे १०' लिहिलं तर. पण चोवीसच्या चोवीस जणांची उत्तरं एका सेंटीमीटरच्या आत? ज्वारी तोलायच्या काट्यावर नथीतला मोती तोलला, आणि चोवीस वेळा वजन तेच आलं. अशा काट्याला आम्ही गोडाउनात ठेवतो. जगात कुठेही असता तर काचेच्या पेटीत गेला असता.

हे कसं घडतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही केलंय. मीही केलंय. त्याला 'उलटं कॅल्क्युलेशन' म्हणतात. आधी उत्तर लिहायचं, मग सूत्र मागे फिरवायचं, मग आंदोलनांचे सेकंद काढायचे, मग ते तीन रकान्यांत असे पसरायचे की मीन बरोबर यावा. आणि शेवटी, ही कलाकुसर बघा, उत्तर अगदी तंतोतंत ९८० न ठेवता ९८०.३ करायचं. ही ०.०३ टक्के एरर म्हणजे गोऱ्यापान बाळाच्या गालावरची तीट. नजर लागू नये म्हणून.

मी हे माडीवरून बोलत नाही. तीस वर्षं याच दुकानाच्या गल्ल्यावर बसलोय. जर्नलात 'स्टँडर्ड व्हॅल्यू' असा एक रकाना असतो, त्याखाली 'पर्सेंटेज एरर'. हा रकाना आम्हीच आखून देतो. मुलगा मोजायला बसायच्या आधी उत्तर त्याच्या मांडीवर असतं. मग तो मोजेल कशाला? ज्योतिषाला आधीच सांगायचं, 'गुरुजी, स्थळ चांगलं आहे, छत्तीस गुण जुळवा', आणि मग गुरुजींनी गंभीर चेहऱ्यानं पंचांग उघडायचं. एवढं करून कोर्सच्या पहिल्या पानावर उद्दिष्ट काय? वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे! १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं हा दृष्टिकोन नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातला. आम्ही तो मेहनतीनं जर्नलातून काढतो.

मोठ्यांनाही हा मोह सुटलेला नाही, हे कबूल. मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. १९१३ च्या निबंधात ५८ थेंबांचे आकडे दिले आणि निवडानिवड केलेली नाही अशी ग्वाही दिली. त्याच्या वह्यांत थेंब त्याहून कितीतरी जास्त निघाले. शिवाय हवेच्या श्यानतेचा त्यानं वापरलेला आकडा किंचित चुकीचा होता, म्हणून उत्तर थोडं कमी आलं. पुढची मजा फाइनमननं १९७४ च्या एका भाषणात सांगितली: नंतरच्या शास्त्रज्ञांची उत्तरं खऱ्या किमतीवर एका उडीत गेली नाहीत, हळूहळू सरकत गेली. मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की माणूस आपल्या यंत्रात खोट शोधायचा, जवळ आलं की शोधणं थांबवायचा. लाजेकाजेस्तव का होईना, त्यांना सरकायला वर्षं लागली. आमची एस.वाय.ची बॅच एका दुपारी पोहोचते, आणि चुकीच्या गावी पोहोचते.

तर, ढिगातलं सतरावं जर्नल.

ग्राफ नेहमीचाच. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्यावर आवर्तकालाचा वर्ग, आणि ओरिजिनमधून सरळ गेलेली काळीभोर रेघ. पण उजेडात धरलं तर शेजारी खोडरबरानं पुसलेली दुसरी रेघ दिसली. ठिपक्यांमधून जाणारी. ओरिजिन सोडून, दोनअडीच मिलिमीटर वरून.

"काय गं, ही कसली रेघ?"

"चुकून आली सर. ओरिजिनमधून जात नव्हती."

"मग?"

"मॅडम म्हणाल्या, ओरिजिनमधून गेलीच पाहिजे."

"गोळ्याची त्रिज्या लांबीत मिळवलीस का?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "व्हर्नियर दुसऱ्या टेबलावर होता सर. मिळालाच नाही."

मी पट्टी लावून पुसलेली रेघ मागे वाढवली. लांबीच्या अक्षाला ती शून्याच्या डावीकडे सव्वा सेंटीमीटरच्या आसपास छेदत होती. व्हर्नियर मागवला, गोळा मोजला. व्यास अडीच सेंटीमीटर. अहो, या पोरीनं व्हर्नियरला हात न लावता गोळ्याची त्रिज्या काढली होती! दोऱ्यानं आणि घड्याळानं! लंबकाची लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत नसते, गोळ्याच्या मध्यापर्यंत असते, हे पुस्तकातलं वाक्य तिच्या ठिपक्यांनी आपणहून सांगितलं होतं. तिनं पन्नास-पन्नास आंदोलनं मोजली होती म्हणून सांगता आलं; विसांत ते धुक्यात गेलं असतं. आणि त्या पुसलेल्या रेघेचा स्लोप घेतला तर 'जी' येत होता ९७६. पुण्याचा! स्लोपला त्रिज्येशी देणंघेणं नसतं, ती दोरीत मिळवा नाहीतर मिळवू नका, तिरकेपणा तोच राहतो. ग्राफ काढायचा तो याचसाठी.

त्या विभागानं काय केलं? रेघ ओरिजिनमधून ओढायला लावली. त्यामुळे उत्तर पडलं ९६४ च्या आसपास. ते बरं दिसेना म्हणून ते पुसून झालं ९८०.१. म्हणजे आधी खरी रेघ खोटी केली, तिचं खोटं उत्तर आलं, आणि त्या खोट्यावर तिसरं खोटं चढवलं. पुन्हा पानावर खाडाखोड दिसते म्हणून इंटर्नलनं नीटनेटकेपणाचा एक मार्क कापला, तो वेगळाच.

आणि मी? मी तिथेच टेबलावर चढून व्याख्यान दिलं असेल, असं तुम्हाला वाटतंय का? मार्कांच्या तक्त्यात रकाने होते ते सेटिंगचे, रीडिंगचे, ग्राफचे, रिझल्टचे आणि ओरलचे. 'मोजताना काहीतरी सापडलं' असा रकाना नव्हता. मी ओरलमध्ये एक मार्क जास्त घातला आणि चहा प्यायलो. साखर जास्त होती.

याचं समर्थन करणारे विद्वान असतात. अभ्यास मंडळात तर असतातच. त्यांचं म्हणणं असं, की प्रॅक्टिकल हे थिअरी 'पक्की' करण्यासाठी असतं. वर्गात सूत्र शिकलं, लॅबमध्ये ते खरं असल्याची खात्री केली, ज्ञान घट्ट बसलं. ऐकायला छान आहे. मसाला मुरतो तसं. कॉर्नेलच्या नताशा होम्स आणि नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी हे मुरणं तपासायचं ठरवलं. तीन संस्थांतले नऊ कोर्स, जवळपास तीन हजार विद्यार्थी. काहींनी लॅब घेतलेली, काहींनी नाही. लॅबनं जो भाग 'पक्का' केला म्हणे, त्यावरच्या परीक्षेतल्या प्रश्नांत दोन्ही गटांत फरक किती? मोजण्याजोगा नाही. २०१८ च्या जानेवारीत 'फिजिक्स टुडे'त त्यांनी हे छापलं. ध्यानात घ्या, ही तिकडची साधनसंपन्न विद्यापीठं. तिथे व्हर्नियर दुसऱ्या टेबलावर नसतो.

याच मंडळींनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात दुसरा उद्योग केला होता. तोच लंबक, तीच दोरी. मुलांना सांगितलं, १० अंशांतून सोडून आवर्तकाल मोजा, मग २० अंशांतून सोडून मोजा, दोन्ही सारखे आहेत का सांगा. आणि मग मोजणी सुधारा, पुन्हा सांगा. पुस्तक म्हणतं सारखे. पहिल्या फेरीत सारखेच वाटतात, कारण अंगठा आळशी आहे. जास्त आंदोलनं मोजू लागलं की फरक डोकं वर काढतो. मीटरभराच्या लंबकाला पन्नास आंदोलनांत तो साधारण अर्धा सेकंद भरतो. मुलं आधी स्वतःला दोष देतात, मग घड्याळाला, आणि शेवटी त्यांच्या ध्यानात येतं की पुस्तकातलं सूत्रच लहान कोनांपुरतं आहे. यासाठी जादा खर्च किती? एक कोनमापक. कंपासपेटीत असतो, लग्नात आलेल्या सातव्या घड्याळासारखा पडून.

आमच्याकडे हीच गोष्ट ओरलला विचारतात. "अँप्लिट्यूड लहान का ठेवायचं?" "सर, सिंपल हार्मोनिक मोशन व्हावं म्हणून." "गुड." मोठं ठेवलं तर किती बिघडतं, हे ना विचारणाऱ्यानं कधी पाहिलेलं असतं ना सांगणाऱ्यानं. हा ओरल नावाचा प्रकारच वेदपठणाच्या परंपरेतला आहे. लीस्ट काउंट किती? ०.०१ सेकंद. बरोबर! घड्याळाचा. आणि अंगठ्याचा? तो सिलॅबसमध्ये नाही.

उपकरणं नाहीत, हे दुसरं रडगाणं. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी २८ फेब्रुवारी आहे. त्या दिवशी, १९२८ साली, कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांचा शोध पक्का झाला. १९८७ पासून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. पाळतो म्हणजे रांगोळीत स्पेक्ट्रोमीटर काढतो. त्या शोधाची पूर्वपीठिका मात्र रांगोळीत मावत नाही. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, नको असलेला उजेड त्या प्रयोगशाळेला काही वर्षं आधीपासून दिसत होता. द्रवात काही अशुद्ध असेल म्हणून ते तो पुन्हापुन्हा शुद्ध करत राहिले. उजेड जाईना. पाहायला काय वापरलं? सूर्यप्रकाश, रंगीत काचा आणि डोळा. त्यांना आमच्या लॅबमध्ये टाकलं असतं तर मॅडम म्हणाल्या असत्या, "हे जादा काय दिसतंय? पुसा ते."

पैसे आले तरी काय होतं, तेही पाहून ठेवलंय. अंबाल्याहून किट येतं. झेनर डायोडच्या अभ्यासाचं. म्हणजे एक डबा. डब्याच्या झाकणावर डायोडचं सुंदर चित्र, दोन मीटर, चार सॉकेटं आणि चार रंगीत वायरी. लाल ते लाल, काळी ते काळी. आतला डायोड मुलाला दिसत नाही, उलटा लावून जाळता येत नाही, हातात धरून त्याची पट्टी कोणत्या बाजूला ते बघता येत नाही. तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल करून बाहेर पडलेल्या मुलाला मी एकदा खराखुरा झेनर दाखवला. "सर, हे काय आहे?" म्हणाला. त्याच्या लेखी झेनर हा टिफिनएवढा होता आणि पाठीवर स्टॉक रजिस्टरचा नंबर होता. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे: पडद्यावरची आभासी प्रयोगशाळा. तिथे वायर सुटत नाही, बॅटरी उतरत नाही, स्क्रू ढिला नसतो. जिथे काहीच बिघडत नाही तिथे प्रयोग करायला शिकणं म्हणजे गादीवर पोहायला शिकणं.

खरी चीड कशाची येते सांगू? ज्या लंबकाच्या आम्ही चिंध्या करतो, त्याचा इतिहास आमच्याच जमिनीवरून गेलाय. कॅप्टन हेन्री केटर. एम.एस्सी.ला त्याचं नाव रोल नंबरसारखं घोकतात. हा माणूस हिंदुस्थानात फौजेत होता, लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राबला, तब्येत खालावून मायदेशी परतला, आणि १८१७ साली त्यानं उलटसुलट टांगायचा लंबक बनवून लंडनचं गुरुत्व मोजलं. लंडनचं हं, 'स्टँडर्ड' नव्हे. तापमानाची दुरुस्ती, कोनाची दुरुस्ती, हवा लंबकाला किंचित उचलून धरते तिची दुरुस्ती. त्याच्यापुढे 'स्टँडर्ड व्हॅल्यू'चा रकाना नव्हता, बिचाऱ्याला मोजावंच लागलं. पुढे त्याच सर्वेक्षणातले कॅप्टन बॅसेव्ही हिंदुस्थानभर ठिकठिकाणी लंबक टांगत फिरले, कारण जागोजागी 'जी' किती वेगळा आहे हेच त्यांना हवं होतं. १८७१ साली लडाखच्या उंचीवर, हेच काम करताना, ते मेले. एक माणूस लडाखात 'जी' मोजताना जिवानिशी गेला. आम्ही पंखा बंद केला म्हणून कुरकुरतो आणि अथेन्सचा आकडा छापतो.

आमच्या विभागात गुरुत्व मनापासून मोजणारं कुणीच नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही. एक होते. मामा.

मामा म्हणजे लॅब अटेंडंट. दहावी नापास. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी सामान मांडायचं आणि संपल्यावर मोजून कपाटात ठेवायचं, एवढंच काम. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कपाटातून सोडियम लॅम्पचा चोक काढायला गेलो आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं दिसलं. घड्याळ २: मिनिटाला अर्धा सेकंद मागे. घड्याळ ५: बटण अडकतं, जोरात दाबणे. व्हर्नियर ३: शून्य दोन रेघा पुढे. टेबल ४ चा स्टँड: हलतो, खाली पुठ्ठा. मायक्रोस्कोप १: एकाच बाजूनं फिरवणे, उलटं फिरवल्यास चुकतं.

मी बराच वेळ उभा होतो. झिरो एरर, कॅलिब्रेशन, बॅकलॅश. तीन क्रेडिटांचा मजकूर, देवनागरीत, दारावर.

"मामा, घड्याळ मागे पडतं हे कसं कळलं?"

"रात्री घरी नेलं ना सर. रेडिओच्या टोल्यावर लावलं. तीन रात्री."

"तीन कशाला?"

"एका रात्रीवर काय इस्वास ठेवायचा?"

पुढच्या वर्षी बाहेरची कमिटी येणार होती. लॅब चकाचक हवी, असा वरून निरोप आला. भिंतींवर न्यूटन, रामन आणि कलाम लागले. पंखे पुसले. कपाटांना आतून-बाहेरून राखाडी ऑइलपेंट दिला, दोन हात.